पादप जेवतात कोठें?

संस्कृत भाषेनें झाडाला दिलेल्या अनेक नांवांपैकीं 'पादप' हें नांव आम्हांस लहानपणापासून आवडत आलें आहे. अमरकोश पाठ करणाऱ्या मुलास तें वृक्षाच्या पर्यायांत भेटतें. पायांनीं पितो तो पादप. झाडाचे पाय म्हणजे मुळें. तीं जमिनींतून पाणी शोषितात, म्हणून शब्द अन्वर्थक आहे, त्यांत खोट काढण्यास जागा नाहीं. परंतु या शब्दाच्या पाठोपाठ एक समजूत नकळत मनांत येऊन बसते. ती अशी कीं, जेथून झाड पितें तेथूनच तें जेवतें. आमच्या मुक्ताईनगर तालुक्यांतील (जुन्या मंडळींच्या तोंडीं अजून एदलाबादच) कोणत्याहि केळीच्या मळ्यांत जाऊन "केळीचें अन्न कोणतें?" असें विचारावें, बहुतेक जण खताच्या गोण्यांकडे बोट दाखवितील. घरांतील सुशिक्षित मंडळींस विचारलें तरी उत्तर फारसें निराळें येत नाहीं. 'प्रकाशसंश्लेषण' हा लांबलचक शब्द शाळेंत सर्वांनींच पाठ केलेला असतो. पण तो उत्तरपत्रिकेंत उतरतो आणि तेथेंच राहतो.

हा गैरसमज निरुपद्रवी असता तर त्यावर या सदराची जागा खर्चण्याचें कारण नव्हतें. पण आमच्या जिल्ह्याचा पूर्वभाग केळीवर जगतो. रावेर, यावल, मुक्ताईनगर हे तालुके केळीचे. जळगांवच्या केळीस २०१६ सालीं भौगोलिक मानांकनहि मिळालें. मृगबाग असो, कांदेबाग असो, कीं पिलबाग असो, एकेका मळ्यांत वर्षभराची मेहनत आणि बहुधा कर्जाऊ पैसा गुंतलेला असतो. आणि तो सारा शेवटीं अवलंबून असतो कशावर, तर झाड निसवलें त्या दिवशीं त्यावर निरोगी हिरवीं पानें किती होतीं यावर. खत हेंच अन्न असें मानणारा मनुष्य पानांकडे झाडाची शोभा म्हणून पाहतो, आणि नुकसान तेथें होतें.

ही समजूत केवळ आपल्याकडे होती असें नाहीं. युरोपांतहि ॲरिस्टॉटलच्या काळापासून तीच चालत आली होती. आजच्या बेल्जियमांतील व्हान हेल्माँट नांवाच्या गृहस्थानें तिची परीक्षा चक्क तराजूनें केली. त्यानें एका मोठ्या कुंडींत वाळविलेली दोनशें पौंड माती भरली, तींत पांच पौंड वजनाचें वाळुंजाचें रोप लाविलें, कुंडीवर झांकण घातलें आणि पांच वर्षें पाण्यावांचून दुसरें कांहींहि तिला दिलें नाहीं. पांच वर्षांनीं झाडाचें वजन भरलें १६९ पौंड ३ औंस. माती पुन्हा वाळवून तोलली तों ती कमी झाली होती अवघी दोन औंसांच्या आसपास! हा वृत्तांत त्याच्या मृत्यूनंतर १६४८ सालीं प्रसिद्ध झाला. झाड माती खात नाहीं हें त्यानें निर्विवाद सिद्ध केलें. मात्र मग सारें वजन पाण्याचेंच असलें पाहिजे, असा त्यानें जो निकाल दिला तो अर्धाच खरा होता. मौज अशी कीं, 'गॅस' हा शब्दच मुळीं या गृहस्थानें घडविला आणि कोळसा जळतांना निघणारा वायुहि त्याला ठाऊक होता. तरी वाळुंजाचें लांकूड त्याच वायूंतून उभें राहिलें असेल, हें त्याच्या ध्यानांत आलें नाहीं.

तें ध्यानांत येण्यास आणखी सव्वाशें वर्षें लागलीं. १७७१ सालीं जोसेफ प्रीस्टले यानें, ज्या बंद हवेंत मेणबत्ती जळून विझली होती त्या हवेंत पुदिन्याची डहाळी ठेविली. दहा दिवसांनीं त्याच हवेंत मेणबत्ती पुन्हा जळूं लागली. पण हा प्रयोग कधीं साधे, कधीं फसे. कां फसे, तें १७७९ सालीं इंगेनहूझ या डच वैद्यानें दाखवून दिलें. एका उन्हाळ्यांत त्यानें पांचशेंवर प्रयोग केले आणि दोन गोष्टी कायम केल्या: हवा सुधारण्याचें काम झाडाचा फक्त हिरवा भाग करितो, आणि तोहि फक्त उजेडांत. पुढें १८०४ सालीं द सोस्यूर यानें हवेंतील कर्बाम्ल वायु (आजचीं मुलें ज्याला कार्बन डायऑक्साइड म्हणतात तो) व पाणी या दोहोंचें वजन झाडाच्या अंगीं लागतें हें मोजून सिद्ध केलें. म्हणजे झाड पितें पायांनीं हें खरें; पण जेवतें तें पानांनीं, आणि जेवतें तें हवा. विलासपूर्वक बोलावयाचें तर त्याला 'पर्णाद' म्हणावें लागेल.

आतां आपल्या मळ्यांतील केळीचें पान हातीं घेऊं. पानाच्या पाठीवर, म्हणजे खालच्या अंगास, डोळ्यांना न दिसणारीं असंख्य छिद्रें असतात. वरच्या अंगासहि असतात, पण कमी. यांस पर्णरंध्रें म्हणतात. दोन ओठांसारख्या पेशी प्रत्येक रंध्रावर पहारा करितात; पाणी पुरेसें असलें म्हणजे ओठ उघडतात, टंचाई झाली कीं मिटतात. याच वाटेनें हवा आंत शिरते. आंतील पेशींमध्यें हरितद्रव्याचे सूक्ष्म कण असतात. हें हरितद्रव्य सूर्यप्रकाशांतील तांबडा व निळा भाग शोषून घेतें आणि हिरवा बराचसा परत धाडितें, म्हणून पान आपणांस हिरवें दिसतें. शोषलेल्या प्रकाशाच्या बळावर पान प्रथम पाण्याचे घटक वेगळे करितें. त्यांतील प्राणवायु बाहेर टाकितें आणि उरलेल्या भागाच्या व सांठविलेल्या शक्तीच्या साह्यानें कर्बाम्ल वायूची साखर बनवितें. बाहेर पडणारा प्राणवायु कर्बाम्ल वायूंतला नसून पाण्यांतला असतो, हें १९४१ सालीं रूबेन व केमेन यांनीं जड प्राणवायूची खूण घातलेलें पाणी वापरून दाखविलें. साखर बनण्याच्या पायऱ्या मेल्विन कॅल्विन व त्याच्या सहकाऱ्यांनीं शोधून काढल्या. त्याबद्दल कॅल्विनला १९६१ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. त्या पायऱ्या येथें देऊन आम्ही वाचकांस शिणवीत नाहीं.

प्रमाण मात्र सांगण्यासारखें आहे. १८० तोळे द्राक्षशर्करा तयार होण्यास २६४ तोळे कर्बाम्ल वायु व १०८ तोळे पाणी लागतें, आणि १९२ तोळे प्राणवायु बाहेर पडतो. बेरीज दोन्हीकडे ३७२. सृष्टीच्या वहींत पैचा फरक नाहीं. याच हिशेबानें आम्हीं एका घडाचा ढोबळ आंकडा मांडून पाहिला. वीस किलोच्या घडांत सुमारें चार किलो पिठूळ व साखरेचा अंश धरला, तर त्यासाठीं साडेसहा किलो कर्बाम्ल वायु पाहिजे. हवेच्या दहा हजार भागांत हा वायु अवघा चार भागांहून किंचित् अधिक. एक घनमीटर हवेंत त्याचें वजन पाऊण ग्रॅमच्या आसपास. म्हणजे एका घडासाठीं साडेआठ हजार घनमीटर हवा पानांनीं गाळून घेतली पाहिजे. बारा फूट लांब, दहा फूट रुंद व दहा फूट उंच अशी खोली घेतली, तर अशा अडीचशें खोल्या हवा! आणि हा हिशेब खोड, मुळें व खुद्द पानें सोडून. गाडीभर घड पाहिले कीं पूर्वीं आम्हांस वखाऱ्या दिसत. आतां वारा दिसतो.

या ठिकाणीं एका भारतीय नांवाचा उल्लेख केल्यावांचून राहवत नाहीं. आचार्य जगदीशचंद्र बसु यांचें नांव 'वनस्पतींना भावना असतात' या एका वाक्यापुरतेंच आपल्याकडे घेतलें जातें. परंतु त्यांनीं या प्रकाशसंश्लेषणाच्या क्रियेचाहि कसून अभ्यास केला आणि १९२४ सालीं त्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. हायड्रिला नांवाच्या पाणवनस्पतींतून निघणाऱ्या प्राणवायूचा बुडबुडा आपोआप नोंदणारें यंत्र त्यांनीं तयार केलें होतें. बुडबुडे पाहण्यास यंत्रहि लागत नाहीं. निवळ पाण्यांतील अशी वनस्पति कांचेच्या भांड्यांत घालून उन्हांत ठेवावी. थोड्याच वेळांत देंठांतून बारीक मण्यांची माळ वर चढूं लागते, आणि भांडें सावलींत नेलें कीं माळ विरळ होते. घरांतील मुलांना हें एकदां दाखवावें. पाठ करविलेल्या दहा व्याख्यांचें काम तें करितें.

मग खत कशासाठीं? तें निरुपयोगी आहे असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. स्वयंपाकांत पीठ-तांदूळ वेगळे आणि भांडीं, मीठ, फोडणी वेगळी. हरितद्रव्य घडण्यास नत्र पाहिजे. पानांत बनलेली साखर घडापर्यंत पोंचविण्यास आणि रंध्रांचे ओठ उघडण्या-मिटण्यास पालाश पाहिजे, म्हणून केळीस पालाशाची भूक मोठी. हरितद्रव्याच्या प्रत्येक कणाच्या ऐन मध्यभागीं मॅग्नेशियम या धातूचा एक परमाणु बसविलेला असतो. आपल्या रक्तांतील लाल द्रव्याच्या मध्यभागीं जसें लोह. खानदेशांतील कापूसवाल्यांस हा मॅग्नेशियम नांवानें नसला तरी त्याच्या अभावानें चांगला परिचित आहे. बोंडें भरण्याच्या ऐन वेळीं कपाशीचीं पानें लाल पडतात, त्याला शेतकरी 'लाल्या' म्हणतात. त्याचीं कारणें एकाहून अधिक असतात, थंड रात्री व नत्राची उणीव हीहि त्यांत येतात. पण मॅग्नेशियमची उणीव हें त्यांतील एक प्रमुख कारण होय, आणि म्हणूनच कृषितज्ज्ञ मॅग्नेशियम सल्फेटची फवारणी सुचवितात. फवारा पानांवर पडतो. तो कपाशीचें जेवण नव्हे, तिची विझलेली चूल पेटविण्याची काडी आहे.

आमच्या भागांतील केळीचें खरें दुखणें मात्र हवामानाचें. मे महिन्यांत पारा ४४-४५ अंशांवर जातो. अशा दुपारीं मळ्यांत उभें राहून पाहावें: केळीचें प्रत्येक पान मधल्या दांड्याच्या दोन्ही बाजू खालीं दुमडून छपरासारखें झालेलें असतें. ऊन कमी झेलावें, पाणी कमी उडावें, यासाठीं तिची ही तजवीज. रंध्रेंहि मिटलेलीं. परंतु दार लावून घेतलें कीं चोरहि येत नाहीं आणि पाहुणाहि येत नाहीं. पाणी वांचतें, तसा कर्बाम्ल वायुहि आंत येत नाहीं. माथ्यावर हवें तेवढें ऊन असून स्वयंपाक बंद! त्यांत आणखी एक खोड अशी कीं, कर्बाम्ल वायु धरणारें जें द्रव्य पानांत असतें तें उष्मा वाढला कीं चुकून प्राणवायूच धरूं लागतें, आणि बनत आलेल्या मालांतून कांहीं वायां जातो. ज्वारी, बाजरी, मका, ऊंस या पिकांनीं या चुकीवर तोड काढलेली आहे. तीं कर्बाम्ल वायु आधीं एका निराळ्या द्रव्यांत गोळा करून मग आंतल्या पेशींत नेऊन सोडतात. हॅच व स्लॅक या दोन शास्त्रज्ञांनीं ऑस्ट्रेलियांत १९६६ सालीं या पद्धतीचा उलगडा केला. केळ, कपाशी, गहूं, उडीद यांच्याजवळ ही युक्ति नाहीं. आपल्या कळण्याच्या भाकरींत ज्वारी एका पंथाची आणि उडीद दुसऱ्या. परातींत मात्र त्यांचें उत्तम जमतें.

हवेंतील कर्बाम्ल वायु वाढत आहे तो पिकांना पोषकच नव्हे काय, असें कोणी कोणी विचारितात. वाढत आहे हें खरें. १९५८ सालीं तो दहा लक्ष भागांत ३१५ भाग होता, आतां ४२० च्याहि वर गेला आहे. भुसावळजवळच्या दीपनगरच्या वीजकेंद्रांत जळणारा कोळसा म्हणजे कोट्यवधि वर्षांपूर्वींच्या झाडांनीं हवेंतून घेतलेला कर्बच; तो परत हवेंत जातो. केवळ या वायूपुरतें पाहिलें तर पानांस तो अधिक मिळणें लाभाचेंच. पण त्याच वायूनें उष्मा वाढतो, आणि उष्म्यानें जर दार मिटलें तर बाहेर पाहुण्यांची रांग वाढून घरधन्यास काय लाभ? हिंवाळ्याची तऱ्हा उलट. डिसेंबर-जानेवारींत कांहीं वर्षीं पारा दहा अंशांच्या खालीं उतरतो; उजेड पुरेसा असतो, पण साखर घडविणारीं द्रव्यें गारठ्यानें आळसावतात, नवें पान सुटण्यास दुपटीनें दिवस लागतात, आणि कधीं घड खोडाच्या गळ्याशींच अडकून राहतो. सरकारच्या हवामानावर आधारित फळपीक विमा योजनेंत केळीसाठीं थंडी, उष्मा व वारा हे धोके धरलेले आहेत. विम्याच्या कागदावर अंश लिहिलेले असतात. नुकसान होतें तें पानांतल्या या क्रियेचें.

आतां मुख्य मुद्दा. केळीचें खोड म्हणतात तें खरें खोड नव्हे. पानांचे देंठ एकांत एक गुंडाळून तो खांब झालेला असतो. त्याच्या मधून एकेक पान सुरळी होऊन येतें, आणि तीस-चाळीस पानें येऊन गेल्यावर शेवटीं त्याच वाटेनें घड निघतो. वाट एकच असल्यामुळें घड निघाला कीं पानें येणें कायमचें बंद. निसवणीच्या दिवशीं जीं पानें हिरवीं असतील तेवढ्यांच्याच मिळकतीवर पुढचे तीन-चार महिने सारा घड पोसावयाचा असतो. तज्ज्ञ सांगतात, निदान आठ निरोगी पानें त्या वेळीं पाहिजेत. इकडे पावसाळा संपतासंपतां करपा येतो. ही एक बुरशी असून ती खालच्या पानांपासून सुरू होते. प्रथम बारीक पिवळसर रेघा, मग तपकिरी ठिपके, मग वाळलेले डाग, आणि बघतां बघतां अर्धें पान कागदासारखें. तिकडे वाऱ्यानें पानांच्या चिंध्या होतात, म्हणून शहाणे मळेवाले बागेभोवतीं शेवरी किंवा गजराज गवत लावितात. आठांतून चार पानें गेलीं तर फण्या तितक्याच राहतात, परंतु केळीं भरत नाहींत. वजन घटतें आणि फळ कोंवळेंच पिवळें पडूं लागतें. अशा वेळीं खताची आणखी एक गोणी टाकणें म्हणजे स्वयंपाकी आजारी पडला असतां घरांत नवीं पातेलीं आणणें होय. करप्याचे पहिले डाग दिसतांच तेवढा भाग कापून बाहेर न्यावा, बागेंत पाणी तुंबूं देऊं नये, झाडें दाटीनें लावूं नयेत. या गोष्टींना पैसा थोडा लागतो आणि नजर फार लागते.

या विषयाच्या अनुषंगानें आमच्या वाचक-भगिनींपैकीं पुष्कळींच्या मनांतील एक प्रश्न येथेंच घेतों. पिंपळ व तुळस रात्रींहि प्राणवायु देतात, असें हल्लीं जो तो सांगतो. तें खरें नाहीं. पाण्याचे घटक वेगळे करण्यास प्रकाश लागतो, आणि प्रकाश नाहीं तर प्राणवायु नाहीं. यांत कोणत्याहि झाडास सवलत नाहीं. निवडुंगासारख्या कांहीं वनस्पती पाणी वांचविण्यासाठीं रंध्रें रात्रीं उघडतात व कर्बाम्ल वायु तेव्हां आंत घेऊन ठेवितात, एवढ्यावरून हा घोंटाळा झाला असावा. त्यांचाहि प्राणवायु सुटतो तो दिवसाच. उलट, रात्रीं झाडाखालीं निजलें तर जीव गुदमरतो ही भीतीहि तितकीच पोकळ. झाड रात्रीं श्वास घेतें खरें, पण त्यानें सोडलेला कर्बाम्ल वायु खोलींत शेजारीं निजलेल्या माणसाच्या मानानें अगदीं अल्प असतो. पिंपळाची पूजा करण्यास व तुळशीपुढें दिवा लावण्यास आमची मुळींच हरकत नाहीं, आम्हीहि लावितों. श्रद्धेला उसन्या रसायनशास्त्राचा टेकू मात्र देऊं नये. तैत्तिरीय उपनिषदांत आकाशापासून वायु, अग्नि, पाणी, पृथ्वी, वनस्पति आणि अन्न असा क्रम सांगितला आहे. तो भव्य आहे, पण त्यांत हरितद्रव्य शोधीत बसणें हा त्या ऋषींवरहि अन्याय आणि इंगेनहूझच्या पांचशें प्रयोगांवरहि.

राहतां राहिली आपल्या पंक्तीची गोष्ट. गौरी-गणपतींत, श्राद्धपक्षांत, मुंजी-लग्नांत आपल्या घरांतून केळीच्या पानांची मागणी होते, आणि ओळखीच्या मळेवाल्यास भिडेखातर नाहीं म्हणवत नाहीं. तो वरचें चांगलें, न फाटलेलें, हिरवेंगार पान कापून देतो, म्हणजे नेमकें ज्याच्यावर घडाचें पोषण तेंच. निसवलेल्या झाडाचें पान कोणीं देऊं केलें तरी घेऊं नये. घड उतरून झालेल्या झाडाचीं पानें मागावीं. आणि नैवेद्याला लहान पान लागत असेल तर बागेंतून पिलें काढण्याच्या दिवशीं सांगून ठेवावें. रुंद पानांचीं पिलें लागवडीस निकृष्ट समजून मळेवाले कापूनच टाकतात. त्यांचें पान कोंवळें असतें, देवापुढें मांडण्यास पुरतें, आणि त्यामुळें कोणाचा घड उपाशी राहत नाहीं.